हाताच्या सवयीची मालकी

चित्रकाराच्या हाताला जे ठाऊक असते ते सगळेच त्याला शब्दांत सांगता येत नाही. कुंचला पाण्यातून काढल्यावर किती झटकायचा, कागदाला टेकताना मनगट कुठे सैल सोडायचे, रेघ संपत आली की दाब कसा उतरवत न्यायचा, हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. एकच साधन वर्षानुवर्षे हातात राहते आणि एक दिवस आपण साधनाचा विचार करणे सोडून देतो. त्या दिवसापासून खरे चित्र सुरू होते. म्हणून मी हाताच्या सवयीला चित्रकाराची सर्वांत मोठी कमाई मानते. कागद संपतात, रंग वाळतात, पण ही कमाई शेवटपर्यंत आपल्याजवळ राहावी अशी आपली अपेक्षा असते.

मी पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढते आणि हे काम आता बहुतेक संगणकावरच होते. संगणकावर लिनक्स आहे, चित्रासाठी क्रिता हे सॉफ्टवेअर. उजव्या हातात पेन असते, डावा कळफलकावर. ‘ई’ची कळ दाबली की हातातला ब्रश त्याच पोताचा खोडरबर होतो. ‘एम’ दाबले की चित्र आरशात पाहावे तसे उलटे दिसते आणि चेहऱ्याचा तोल कुठे ढळलाय ते लगेच कळते. पेनावरचे बटण दाबले की टोकाभोवती रंगांचे चक्र उमलते आणि त्याच्या कडेने माझे नेहमीचे ब्रश मांडलेले असतात. डाव्या हाताची बोटे हे सारे माझ्याआधी करतात. मी ढगाचा विचार करत असते, बोटे ढगासाठी लागणारा ब्रश काढून ठेवतात.

अशा हाताला नव्या आवृत्तीची बातमी येते तेव्हा उत्सुकता आणि सावधपणा दोन्ही सोबत येतात. ऑक्टोबर २०२३मध्ये क्रिताची ५.२ ही आवृत्ती आली. दिवाळी अंकांच्या कामाचे ते दिवस. अशा वेळी साधन बदलायला कुणी धजावत नाही. पण लिनक्सवर क्रिता ॲपइमेज या रूपात मिळते: एकच फाइल उतरवून घ्यायची, तिला चालण्याची परवानगी द्यायची आणि उघडायची. बाकीच्या संगणकात काही बसवावे लागत नाही. जुनी फाइल तशीच ठेवून नवी तिच्या शेजारी ठेवता येते. हातातले काम जुन्या आवृत्तीत पुरे करायचे आणि रात्री निवांतपणे नवीत रेघा ओढून पाहायच्या.

त्याआधी मी बदलांची यादी वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत. ५.२च्या यादीत चलच्चित्रासोबत आवाज नीट जुळून वाजावा म्हणून केलेले काम होते. ते क्रितासाठी कोड लिहिणाऱ्या ओ'नील बंधूंनी हाती घेतलेल्या चलच्चित्राच्या भागातले. व्हिडिओ तयार करायला लागणारे एफएफएमपेग आता सोबतच मिळणार होते, वेगळे शोधून बसवायला नको. रंग निवडायची एक नवी खिडकी होती, जास्त रंग दाखवू शकणाऱ्या पडद्यांचा विचार करून बनवलेली. आणि चित्रावर लिहायच्या अक्षरांची अंतर्गत मांडणी पायापासून नव्याने बांधली होती. वरवर पाहता ही तांत्रिक यादी. पण तिच्या प्रत्येक ओळीमागे कुठेतरी एक अडलेला हात असतो. कुणाचा तरी आवाज चित्राच्या मागे पडत होता, कुणाला अक्षरे उभ्या ओळीत लिहायची होती, कुणाची रेघ विशिष्ट पेनाने तुटत होती. त्या माणसाने आपली अडचण लिहून कळवली, दुसऱ्या कुणी ती आपल्या संगणकावर घडते का ते तपासले, तिसऱ्याने कोड लिहिला, चौथ्याने तो वाचून मान्य केला. यादी वाचताना मला या चौघांची साखळी दिसते आणि साधन बनवणारे आणि वापरणारे यांच्यात किती अंतर असावे, हा प्रश्न मनात उभा राहतो.

एके काळी हे अंतर नव्हतेच. वारली चित्रे काढणाऱ्या बाया बांबूची काडी चावून तिचे टोक तंतूतंतू करायच्या, तोच कुंचला. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग घरातला, गेरूची भिंत घरची. लघुचित्रे काढणारे कलावंत खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले वापरत. पापण्यांचा एकेक केस रंगवायचा तर तेवढे बारीक टोक दुसऱ्या कशाला येत नव्हते. क्रिताचे शुभंकरही एक खार आहे, किकी नावाची, टायसन टॅन या चिनी चित्रकाराने काढलेली. ते रेखाटन पाहिले की मला त्या जुन्या कुंचल्यांची आठवण होते. कुठल्या केसाला कशी रेघ येते हे ठाऊक असलेला माणूसच ती रेघ ओढत होता. साधनात काही बिघडले तर त्याला दुसऱ्याचे दार ठोठावावे लागत नव्हते.

मग साधन हळूहळू दूर गेले. १८४१मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढता येईल अशी धातूची नळी शोधली आणि रंग घोटण्याचे काम चित्रशाळेतून कारखान्यात गेले. त्यातून फार चांगले घडले. तयार रंग खिशात घालून चित्रकार उघड्या माळावर जाऊ लागले. आपल्याकडे १९३१मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला आणि पुढे कॅमलच्या रंगपेट्या गावोगावच्या शाळांत पोचल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी स्थिरचित्र आणि निसर्गचित्र त्याच रंगांत काढले. रंग बाजारातून आले तरी विकत घेतलेली पेटी आपली होती. ती कपाटात दहा वर्षे राहिली तरी उघडता येत होती.

चित्र संगणकावर आले तेव्हा हे अंतर एकदम वाढले. कुंचला आता दुसऱ्याने लिहिलेल्या सूचनांचा बनलेला होता आणि त्या सूचना बंद पेटीत होत्या. मे २०१३मध्ये अडोबीने जाहीर केले की फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या कायमच्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापरायच्या. कंपनीच्या बाजूने तो हिशेबाचा निर्णय होता आणि वर्गणीतून उत्तम साधने बनतात हेही खरे. पण चित्रकाराच्या बाजूने पाहिले तर काही मूलभूत बदलले. वीस वर्षे एका साधनावर घडवलेली हाताची सवय आता भाड्याच्या जागेत राहू लागली. भाडे थांबले की जागा जाते, आणि जागेबरोबर हाताने शिकलेले बरेचसे निरुपयोगी होते. साधनाची मालकी हा अर्थकारणाचा प्रश्न आहे तितकाच कलेचाही आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

क्रिताची गोष्ट या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे; ते मिळायला पंचवीस वर्षे लागली. १९९८मध्ये जर्मनीतल्या लिनक्स परिषदेत, खुले सॉफ्टवेअर घडवणाऱ्या केडीई या समूहाचे संस्थापक माथियास एट्रिख यांनी गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरला वेगळा चेहरा देऊन दाखवला. गिम्प घडवणाऱ्यांना ते रुचले नाही. त्या वादातून केडीईच्या मंडळींनी स्वतःचेच साधन लिहायचे ठरवले आणि ३१ मे १९९९ रोजी माथियास एल्टर यांनी कामाची घोषणा केली. पुढची काही वर्षे ते काम अनेक हातांतून गेले, नाव दोनदा बदलले, मधून मधून थांबलेही. मग हाला रेम्प्ट त्यात आल्या. त्यांना स्वतःच्या अद्भुत कादंबरीसाठी एक नकाशा काढायचा होता. हाती पेन टॅब्लेट होती आणि लिनक्सवर मनासारखे साधन नव्हते. एका नकाशाच्या गरजेपायी त्या या कामात शिरल्या आणि पुढची दोन दशके त्याची धुरा त्यांनी वाहिली.

सुरुवातीला या साधनाला सगळेच करायचे होते: फोटो सुधारायचे, छपाईचे काम करायचे, चित्रेही काढायची. २०१०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावी मंडळी जमली आणि त्यांनी ठरवले की कोऱ्या कागदापासून चित्र उभे करणाऱ्यांसाठीच हे साधन असेल. कॉमिक्स काढणारे, बोधचित्रे काढणारे, खेळ आणि चित्रपटांसाठी कल्पनाचित्रे बनवणारे हेच त्याचे लोक. मला या कथेतला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. कुणासाठी काम करायचे ते ठरले की काय नाकारायचे तेही ठरते. आज क्रिता उघडल्यावर पहिल्या मिनिटाला जो मोकळेपणा वाटतो तो त्या नकारांतून आला आहे.

पैशाची बाजूही सांगायला हवी, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूमागे कुणाचे श्रम नाहीत असा समज पसरायला वेळ लागत नाही. २००९मध्ये लुकाश त्व्हर्दी या तरुण स्लोव्हाक प्रोग्रामरला काही महिने पूर्ण वेळ काम करता यावे म्हणून वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली. पुढे डेव्हेंटरमध्ये क्रिता फाउंडेशन उभे राहिले. २०१४पासून काही वर्षे किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आवाहने झाली. त्यातून रेघ वेगाने उमटू लागली, चलच्चित्र आले. द्मित्री कझाकोव यांच्यासारखे लोक विद्यार्थी म्हणून आले आणि ब्रशच्या गतीवर वर्षानुवर्षे काम करत राहिले. २०१७मध्ये नेदरलँड्सच्या करखात्याकडून फाउंडेशनला सुमारे २४,००० युरोंची मागणी आली आणि सारे काम थांबते की काय अशी वेळ आली. जगभरच्या चित्रकारांनी आणि मदतगारांनी पैसे पाठवले आणि संस्था टिकली. आजही तेच सॉफ्टवेअर संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते आणि स्टीमसारख्या दुकानांत थोडी किंमत देऊन मिळते. ज्याला परवडते तो दुकानातून घेतो, आणि त्याच्या पैशातून न परवडणाऱ्याचेही काम चालते.

हे श्रम नेमके कुठे मुरतात हे एका रेघेत पाहता येते. माझ्या पेनात बॅटरी नाही. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी आहे. तिच्या चुंबकीय लहरींनी पेनातल्या वेटोळ्याला शक्ती मिळते आणि ते आपली जागा आणि दाब परत सांगते. आजच्या बऱ्याच टॅब्लेट दाबाच्या ८,१९२ पायऱ्या ओळखतात. ती माहिती आधी लिनक्सच्या गाभ्यातल्या ड्रायव्हरकडे जाते. महागड्या कंपनीच्या टॅब्लेटसाठी असे ड्रायव्हर होतेच. पण ज्या स्वस्त टॅब्लेट आपल्याकडच्या मुलांना परवडतात, त्यांच्यासाठी निकोलाय कोंद्राशोव यांनी डिजिमेंड नावाचा प्रकल्प चालवला. तिथले बरेचसे काम पुढे गाभ्यातच सामावले गेले. मग माहिती क्रिताकडे पोचते. ब्रशची रेघ खरे तर सलग नसतेच. ठरावीक अंतराने उमटवलेल्या ठशांची ती रांग असते. प्रत्येक ठशाचा आकार, दाटपणा, कल आणि रंग त्या क्षणीच्या दाबावरून ठरतो. ठसे इतक्या जवळ पडतात की डोळ्याला रेघ दिसते.

आणि ती रेघ नकोशी झाली तर? कागदावर पडलेला ओघळ पडलेलाच राहतो. इथे चित्र ६४ गुणिले ६४ पिक्सेलच्या फरश्यांत साठवलेले असते. रेघ ज्या फरश्यांवरून गेली तेवढ्याच बदलतात आणि त्यांचीच जुनी प्रत बाजूला ठेवली जाते. मागे जायचे तर तेवढ्याच परत आणायच्या. म्हणूनच मोठ्या भित्तिचित्राएवढ्या फाइलवरही मला धीटपणे रेघ ओढता येते. हा धीटपणा माझा आहे असे मला वाटते, पण त्याचा अर्धा वाटा कुणीतरी रात्री जागून लिहिलेल्या त्या फरश्यांचा आहे.

रंगांची कथा याहून खोल आहे. जलरंगात पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पडद्यावर निळा आणि पिवळा नुसते अर्धेअर्धे मिसळले तर राखाडीकडे झुकणारा रंग येतो, कारण तिथे प्रकाशाच्या आकड्यांची बेरीज होते. रंगाच्या थरात मात्र काही प्रकाश शोषला जातो, काही विखुरतो. या शोषण्याविखुरण्याचे गणित पॉल कुबेल्का आणि फ्रांझ मुंक यांनी १९३१मध्ये मांडले. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा आंतरराष्ट्रीय मानक नकाशाही १९३१चाच, आणि संगणकातले रंगव्यवस्थापन आजही त्यावर उभे आहे. मुंबईत दांडेकरांची शाई तयार होऊ लागली ते वर्षही तेच. रंग असे मिसळण्याचा प्रश्न खुल्या साधनांनीही हाती घेतला. मायपेंट या चित्र काढण्याच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या फेब्रुवारी २०२०मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत रंग खऱ्या रंगद्रव्यांसारखे मिसळण्याची सोय झाली. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या क्रिता ५.०मध्ये मायपेंटचे ब्रश चालू लागले. ते जुळवून देण्याचे काम अश्विन ढाकैता या भारतीय विद्यार्थ्याने केले. दोन वेगळ्या प्रकल्पांचे कुंचले एकाच कागदावर आले, कारण दोघांनीही आपली कृती उघडी ठेवली होती.

आषाढातले आभाळ रंगवताना मला या कामाची किंमत कळते. काळ्या ढगाखाली क्षितिजापाशी उजेडाची एक पट्टी असते आणि काळ्याकडून त्या उजेडाकडे जाणारा प्रवास कुठेही तुटता कामा नये. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. हळुवार आभाळात त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. सोळा बिटांत त्या ६५,५३६ होतात आणि पट्टे विरतात. क्रिता कितीतरी वर्षे हे करू देते. ज्या लोकांनी ही सोय केली त्यांनी आपले आभाळ कधी पाहिले नसेल, पण आभाळ तुटू नये एवढी काळजी त्यांनी घेतली आहे.

५.२मधले अक्षरांचे काम मी सर्वांत आस्थेने वाचले. व्होल्थेरा फान हॉव्हेल या स्वतः कॉमिक्स काढणाऱ्या प्रोग्रामरने ते केले. आकारात बसणारा मजकूर, वळणावरून जाणारी ओळ, उभी लिहिली जाणारी जपानी, ओपनटाइप फाँटमधल्या खास सोयी अशा अनेक गोष्टींचा पाया तिथे रचला गेला. लिहायची सोपी खिडकी पुढच्या आवृत्त्यांसाठी ठेवली. त्या पायात हार्फबझ आहे. अक्षरांची जुळणी करणारे हे खुले साधन ब्राउझरांपासून लिब्रेऑफिसपर्यंत सर्वत्र चालते. देवनागरीसाठी त्याचे काम मोठे नाजूक आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनानंतर टंकली जाते आणि दिसते मात्र आधी. ‘कार्त्स्न्य’सारख्या शब्दात रफार शेवटी वर जाऊन बसतो. ‘वाऱ्या’तला र तर आडव्या पापणीचे रूप घेतो, आणि ते रूप मराठीच्या लेखनाला फार जवळचे आहे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे असतात आणि एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवण्याची सोय ओपनटाइपमध्ये आहे.

एके काळी मुखपृष्ठावरची अक्षरे चित्रकारच हाताने काढत असे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या काळातली मुखपृष्ठे पाहावीत. तिथे नाव आणि चित्र एकाच हातून आलेले असे. १९४५मध्ये दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला, आणि अंकाचे मुखपृष्ठ हीच वाचकाची पहिली भेट ठरली. पुढे अक्षरे संगणकात गेली. र. कृ. जोशींसारख्या अक्षरमहर्षींनी देवनागरीसाठी मंगल हा फाँट घडवला, मुंबईच्या एक टाइपने मुक्ता आणि बलूसारखे फाँट खुल्या परवान्याने सर्वांना दिले. चित्र रंगवता रंगवता, त्याच साधनात, देवनागरी अक्षर वळणावर बसवता यावे ही माझी जुनी इच्छा. जपानी कॉमिक्सच्या उभ्या ओळीसाठी कुणीतरी पाया खणतो आणि त्याच पायावर मराठी मुखपृष्ठाचे अक्षरही उभे राहते. सामाईक साधनाचे बळ मला इथे कळते. एकाची गरज पुरी करताना दुसऱ्याची वाट बंद होत नाही, बहुधा थोडी उघडतेच.

सुटीच्या दिवशी मी काही मुलामुलींना संगणकावर चित्र शिकवते. जुने, हळू झालेले संगणक. त्यावर लिनक्स घातले की ते पुन्हा उत्साहाने चालू लागतात. एकदा एक मुलगी बराच वेळ ब्रश बदलून बदलून पाहत होती. मग तिने विचारले, “मॅडम, ही ट्रायल आहे का? किती दिवसांनी बंद पडेल?”

“बंद नाही पडणार.”

“मग ब्रश बनवून ठेवले तर राहतील?”

“राहतील. तुझेच आहेत.”

ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि पहिल्यांदाच तिने ब्रशला नाव दिले. तिच्या प्रश्नात किती शहाणपण होते हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवले. या वयाच्या मुलांना फुकट वस्तूंची सवय आहे आणि त्या अचानक बंद होण्याचीही. जे कधीही जाऊ शकते त्यावर कुणी मन लावून सवय घडवत नाही. मुलीने नाव दिले, कारण तिला आता खात्री वाटली.

ही खात्री कुणाच्या चांगुलपणावर टेकलेली नाही. क्रिता जीपीएल या परवान्याखाली आहे. कशासाठीही वापरा, आत काय आहे ते वाचा, हवे तसे बदला, बदललेले दुसऱ्याला द्या. अट एकच की देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. उद्या फाउंडेशन उरले नाही, डेव्हेंटरचे कार्यालय बंद झाले, तरी कोड राहतो आणि तो पुढे नेण्याचा हक्क कुणालाही राहतो. चित्रकाराने हाताची जी वर्षे या साधनात घातली ती या एका अटीमुळे सुरक्षित आहेत.

याचा अर्थ बदल टोचत नाही असा नाही. नव्या आवृत्तीत एखादे बटण जागा बदलते, एखादा ब्रश थोडा वेगळा वागतो, आणि डावा हात अडखळतो. सवयीला प्रत्येक सुधारणा आधी अडथळाच वाटते. पण इथे त्या अडखळण्याचे कारण शोधता येते. तो बदल कुणी सुचवला, कोणत्या तक्रारीवरून, त्यावर कोण काय म्हणाले, काय नाकारले गेले आणि का, हे सारे उघड्यावर असते. कारण समजले की हात लवकर राजी होतो. आणि राजी नसेल तर कळा आपल्या मनासारख्या लावता येतात, किंवा जुनी ॲपइमेज ठेवून देता येते. बदल लादला जाणे आणि बदलाच्या चर्चेत आपल्यालाही जागा असणे, यात चित्रकाराच्या मनःशांतीपुरता तरी फार मोठा फरक आहे.

चित्रकाराने या नात्याला किती दूर नेता येते ते फ्रान्सच्या डेव्हिड रेव्हॉय यांनी दाखवले. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या खुल्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या, २०१० सालच्या ‘सिंटेल’ या खुल्या चित्रपटासाठी त्यांनी कल्पनाचित्रे केली. २०१४पासून ते ‘पेपर अँड कॅरट’ ही एका छोट्या चेटकिणीची आणि तिच्या मांजराची चित्रमालिका क्रितात काढत आले आहेत. वाचक स्वेच्छेने पैसे देतात. कुणालाही ती मालिका भाषांतरित करता येते, छापता येते, विकताही येते, फक्त श्रेय द्यायचे. फ्रान्समध्ये ग्लेना या नामवंत प्रकाशनाने ती पुस्तकरूपात काढली. मला सर्वांत भावते ते हे की ते आपल्या मूळ फाइलीही खुल्या ठेवतात. मुलांना मी त्या उघडून दाखवते. एकेक थर बंद करत गेले की झळाळत्या रंगांखाली आधी सावल्या, मग सपाट रंग, आणि सर्वांत तळाशी चाचपडत ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात. मोठ्या चित्रकाराच्या चित्रशाळेत शिरून त्याच्या मागे उभे राहण्याचा योग फार थोड्यांना येतो. आज तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही तो मिळतो, आणि ती पाहते की मोठ्या माणसाची पहिली रेघसुद्धा शोधत शोधतच जाते.

रेव्हॉय क्रिताचे ब्रशही बनवतात, त्रुटीही कळवतात, नव्या आवृत्तीची चाचणीही घेतात. म्हणजे बांबूची काडी चावून कुंचला करणाऱ्या बाईचे साधनाशी जे नाते होते ते नव्या रूपात परत आले आहे. फरक एवढाच की आता काडी चावणारे हजारो आहेत, वेगवेगळ्या देशांत, आणि एकाने केलेले टोक सर्वांच्या हाती येते.

या हजारोंत आपले लोकही आहेत. अश्विन ढाकैतांचे काम वर सांगितलेच. क्रिता अँड्रॉइडवर आणण्याचे अवघड काम काश्मीरच्या शराफ झमान या विद्यार्थ्याने सुरू केले, आणि त्यामुळे ज्यांच्या घरी संगणक नाही अशांनाही टॅब्लेटवर पूर्ण चित्रशाळा मिळाली. मराठी चित्रकार मात्र अजून बहुतेक घेणाऱ्यांच्या बाजूला आहेत. द्यायला प्रोग्रामर असावे लागत नाही. कुठे अडले ते नीट, पायरीपायरीने लिहून कळवणे हेही मोठे काम आहे. मराठी अक्षरे कशी दिसायला हवीत हे मराठी डोळ्यालाच सांगता येईल. भाषांतर आहे, नवशिक्यांसाठी मराठीत धडे लिहिणे आहे, जमेल तेवढे पैसे देणे आहे. मी माझ्या जलरंगांच्या ठशांवरून बनवलेले ब्रश खुल्या परवान्याने देऊ लागले आहे, आणि मुलांनाही सांगते की तुमचा चांगला ब्रश स्वतःपुरता ठेवू नका.

पुढची आवृत्ती येईल तेव्हाही मी यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन. बदलांच्या खाली काम केलेल्यांची नावे असतात, जगभरच्या भाषांतली. त्या मुलीने पहिल्या दिवशी एका ब्रशला नाव दिले. आणखी काही वर्षांनी तिचे स्वतःचे नाव या यादीत यावे अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी लागणारे सर्व काही तिच्यासमोर आजच उघडे आहे, आणि तिला शिकवताना मी तिच्या हाताला चित्राबरोबर हेही शिकवणार आहे.